झाकण न ठेवता

मराठी घरात भात कुठलाही असो, त्याचा शेवट वाफेने होतो. साधा भात शिजला की गॅस बंद करून कुकर तसाच ठेवायचा. मसालेभातावर ताट ठेवून त्यात पाणी ओतायचे आणि मंद आचेवर मुरू द्यायचा. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा तर आधी हाताने गुठळ्या मोडायच्या, मोहरी-हिंग-हळदीवर तो परतायचा, वर पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवायचे. दोन मिनिटांनी झाकण काढले की ताठरलेली शिते पुन्हा मऊ झालेली असतात. फोडणीच्या भाताची सगळी करामत त्या हबक्यात आणि झाकणात आहे. आणि नेमक्या याच दोन सवयी घेऊन आपण फ्राइड राइस करायला उभे राहतो.

पुढे काय होते ते बहुतेकांना ठाऊक आहे. कोबी लोळागोळा होतो, गाजर उकडल्यासारखे लागते, तळाशी थोडे पाणी साचते. ते आटवायला आणखी परतावे तर शिते मोडतात. रंग येत नाही म्हणून सोया सॉस, चव येत नाही म्हणून पुन्हा सोया सॉस. शेवटी पानात पडतो तो तपकिरी रंगाचा, मोहरी नसलेला फोडणीचा भात. तसा तो वाईट नसतो, पोरे खातातही. पण खाता खाता कोणीतरी म्हणतेच, ‘गाडीवरच्यासारखा नाही झाला.’

फ्राइड राइसची चव सॉसच्या बाटलीत असते, असा आपल्याकडे पक्का समज आहे, आणि तयार मसाल्याची पाकिटे तो आणखी पक्का करतात. या पुस्तकाचे म्हणणे निराळे आहे. बहुतेक काम गॅस पेटवण्याआधीच झालेले असते, आणि गॅस पेटवल्यावर जे उरते ते म्हणजे भातातले आणि भाज्यांतले पाणी शक्य तितक्या लवकर बाहेर घालवणे. आपण जन्मभर वाफ कोंडायला शिकलो. इथे ती हाकलायची आहे. पुढच्या पानांवरच्या कृती याच एका गोष्टीभोवती फिरतात. त्यामुळे कृतींकडे जाण्याआधी आच, तांदूळ, भांडे आणि बाटल्या यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे.

आधी आचेचा हिशेब. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल उष्णता लागते. तेच पाणी खोलीतल्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेमतेम ३०० ज्यूल पुरतात. म्हणजे पाणी तापवणे स्वस्त आणि उडवणे सात-आठपट महाग. आता धुऊन नीट न निथळलेल्या भाज्या, कुकरमधून नुकताच काढलेला भात आणि बर्फासकट टाकलेले फ्रीजरमधले मटार या सगळ्यांतून मिळून अर्धी वाटी, म्हणजे १०० ग्रॅम, जादा पाणी कढईत आले असे धरा. घरच्या गॅसच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण दोन-अडीच किलोवॉट. त्यातली निम्मी उष्णता कढईच्या कामी येते, बाकीची कडेने निघून ओट्यावरची हवा तापवते. एवढ्या आचेवर ते पाणी उडायला तीन-चार मिनिटे लागतात. त्या तीन-चार मिनिटांत कढईत परतणे असे काही घडतच नाही. ओल्या जागेचे तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही आणि खमंगपणा सुरू होतो तो १४०-१५०च्या पुढे. आपल्याला वाटते आपण परतो आहोत. प्रत्यक्षात आपण भात दुसऱ्यांदा शिजवत असतो.

चायनीजच्या गाडीवरची भट्टी वेगळ्याच जातीची. घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर मुद्दाम कमी दाबाचा केलेला असतो. गाडीवर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, जादा दाबाचा रेग्युलेटर आणि गुरगुरणारी निळी ज्योत. मोठ्या हॉटेलांतल्या चिनी शेगड्यांची ताकद तर घरच्या बर्नरच्या दहापट आणि त्याहूनही अधिक असते. तिथे पाण्याला थारा मिळत नाही. म्हणून गाडीवाला जे करतो त्याची हुबेहूब नक्कल घरी करायला जाऊ नये. त्याच्याकडून शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

प्लेटची वाट बघताना एकदा त्याच्या हातांकडे नीट बघावे. मी तर ऑर्डर दिल्यावर बाकड्यावर बसतच नाही, भट्टीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. डाव्या हातात फडक्याने धरलेला कढईचा कान, उजव्या हातात लांब दांड्याची पळी. आधी तो पळीभर तेल तापल्या कढईत फिरवतो आणि परत डब्यात ओतून टाकतो. कढईला तेलाचा हात लागतो, तेल साचून राहत नाही. मग थोडे ताजे तेल, लगेच अंडे, ते अर्धवट जमते न जमते तोच लसूण, मूठभर बारीक चिरलेला कोबी-गाजर आणि दुपारीच उकडून परातीत पसरून ठेवलेला भात. मीठ, पांढरी मिरी, अजिनोमोटो यांचे डबे ओळीने उघडे. पळीचे टोक प्रत्येकात बुडते आणि त्याच झपाट्यात कढईत येते. मग कढई पुढे लोटायची, झटका देऊन मागे ओढायची, भात कमानीसारखा उडतो आणि परत पडतो. सगळा मामला दोन-तीन मिनिटांचा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे समोर दहा गिऱ्हाइके ताटकळत असली तरी चांगला आचारी एका वेळी दोन-तीन प्लेटींपेक्षा जास्त भात कढईत घेत नाही.

त्या झटक्याचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या दोन संशोधकांनी चिनी आचाऱ्यांच्या चित्रफिती तपासून २०२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. आचारी सेकंदाला साधारण २.७ वेळा कढई हलवतात. त्यात दोन हालचाली एकात एक मिसळलेल्या असतात, कढई पुढे-मागे सरकते आणि शेगडीच्या काठावर टेकून डोलतेही. भात उडतो तेव्हा क्षणभर हवेत निवतो, म्हणून एवढ्या प्रचंड आचेवर तो भाजला जातो पण करपत नाही. या कामाने आचाऱ्यांचे खांदे धरतात, हेही त्या निबंधात आले आहे.

घरी भात उडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर अर्धा भात ओट्यावर पडतो. दुसरे म्हणजे घरच्या शेगडीवर करपण्याची भीती नसतेच, भीती असते ती कढई थंड पडण्याची. ती आचेवरून उचलली की होती-नव्हती ती उष्णताही जाते. घरी कढई जागची हलवायची नाही. भात पसरायचा, वीस-तीस सेकंद त्याला हात लावायचा नाही, खालून तडतड ऐकू आली की उलथन्याने तळापासून उलटायचा आणि पुन्हा पसरायचा. गाडीवर जे काम ज्योत करते ते घरी थांबण्याने करावे लागते. आपला हात सारखा ढवळायला शिवशिवतो, तो आवरावा.

आणि भात थोडा घ्यावा. एका वेळी दोन वाट्या शिजलेला भात, फार तर अडीच. यावर घरोघरी एकच हरकत येते, की माणसे पाच, सगळी एकदम जेवायला बसणार, मग थोडा थोडा कसा करायचा? भजी करताना कोणी सगळे पीठ एकदम तेलात सोडत नाही. घाणे काढतात, आणि गरम घाणा आधी पोरांच्या बशीत जातो. फ्राइड राइसचेही तसेच घाणे काढायचे. एका घाण्याला चार मिनिटे धरली तरी पाच माणसांचे जेवण अर्ध्या तासाच्या आत उरकते. पंगतीला एकदम वाढण्याचा हट्ट मात्र सोडावा लागतो. ज्यांना तो सोडवत नाही त्यांनी त्या दिवशी मसालेभात करावा.

फ्राइड राइस प्रचंड प्रमाणात करायला गेले की काय होते याचा एक किस्सा चीनमधलाच आहे. यांगझोऊ हे शहर फ्राइड राइससाठी जगभर प्रसिद्ध. तिथे ऑक्टोबर २०१५ मध्ये विश्वविक्रमासाठी चार टनांहून अधिक फ्राइड राइस एकत्र करण्यात आला. पण त्यातला काही भात माणसांच्या पोटात जाण्याऐवजी डुकरांच्या खाद्यात गेल्याचे उघड झाले आणि गिनीजने विक्रम रद्द केला. विक्रमासाठी केलेले अन्न खाल्ले गेलेच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. तो भात चवीला कसा होता, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

याच यांगझोऊच्या पद्धतीच्या फ्राइड राइसमध्ये सोया सॉस सहसा नसतो. मीठ, अंडे, कोळंबी, थोडे खारवलेले मांस, कांद्याची पात, आणि भात पांढरा-पिवळाच राहतो. आपल्याकडे पांढरा फ्राइड राइस वाढला तर ‘सॉस घालायला विसरलात का?’ असे विचारतील. पण आपल्या मनातला फ्राइड राइस चीनमधून थेट आलेला नाही. तो कोलकात्याच्या टांगऱ्यातल्या हक्का चिनी कुटुंबांच्या हातून आणि मुंबईतल्या चिनी हॉटेलांतून, आपल्या जिभेला मानवेल असा होत होत आला. मुंबईत चिनी वस्ती जुनी आहे. माझगावात १९१९ साली बांधलेले चिनी मंदिर आजही उभे आहे. १९७५च्या सुमारास कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात लसूण-आले-मिरचीत कॉर्नफ्लोअर आणि सोया सॉस घालून चिकन मांचुरियन केले. पुढे तो सगळा थाट हॉटेलांतून हातगाडीवर उतरला आणि जिल्ह्याच्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन पोचला. लाल कापड, ड्रॅगनचे चित्र, हाफ आणि फुल. या खाण्याला अस्सल-नकलीच्या तराजूत घालण्याची मला गरज वाटत नाही. इंडोनेशियात नासी गोरेंगमध्ये गोडसर सोया सॉस आणि कोळंबीची आंबवलेली गोळी पडते, थायलंडमध्ये माशाचा सॉस आणि वर लिंबू. पेरूमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या चिनी मजुरांच्या वंशजांनी रुजवलेला ‘चौफा’ आज तिथले घरगुती जेवण आहे. जिथे भात उरतो आणि कढई असते तिथे हा पदार्थ स्थानिक होतोच.

आता तांदूळ. फ्राइड राइसला बासमतीच हवा, ही आपली आणखी एक समजूत. बासमती चालतो, पण त्याचा सुवास लसूण आणि सोया सॉसच्या भडिमारात फुकट जातो, आणि लांब शिते परतताना मोडतात. माझी पसंती जुन्या कोलमला आहे. दाणा बारीक, चिकटपणा कमी, आणि भाव परवडणारा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून निवडून वाढवलेला, हातातल्या घड्याळाचे नाव मिरवणारा एचएमटी तर या कामाला फारच छान. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांचा मोह मात्र टाळावा. त्यांचा चिकटपणा आणि वास वरण-तुपाला शोभतो. उकड्या तांदळाची शिते सुटी राहतात खरी, पण त्याची स्वतःची चव इतकी ठाम असते की बाकी सगळे मागे पडते. जपानी लोक त्यांच्या चिकट, आखूड तांदळाचाही उत्तम फ्राइड राइस करतात, तो अंड्याच्या जोरावर. भाताला आधी अंड्याचा बलक चोळला की शिते एकमेकांना धरत नाहीत. ती युक्ती पुस्तकात एका कृतीत वापरली आहे. घरात फक्त इंद्रायणीच असेल त्यांच्यासाठी.

तांदूळ जुना हवा, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. नवा तांदूळ पेजेला आणि मऊ भाताला. जुना घेतला तरी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावा, पाणी नितळ दिसेपर्यंत. दाण्यांवरचे पिठूळ गेले नाही तर तेच शिजताना खळीसारखे चिकटते. आणि शक्यतो कुकर लावू नये. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याला उकळी आणावी, मीठ घालावे, तांदूळ सोडावा आणि दाण्यात अगदी बारीक कणी उरली असतानाच वेळून घ्यावा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे शब्दशः करायची. एक शीत दोन बोटांत दाबले की ते दोन-तीन तुकड्यांत तुटले पाहिजे, बोटाला लगदा लागता कामा नये. कोकणातल्या जुन्या बायका पातेल्यावर वेळणी दाबून ज्या सफाईने पेज काढत त्याला तोड नाही. चाळणीनेही काम भागते, मात्र चाळणीत भात पाच मिनिटे तरी निथळू द्यावा आणि त्यावर थंड पाणी ओतू नये.

शिळाच भात हवा का? यावर लोक हिरिरीने भांडतात. भात थंड झाला की त्यातल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट होतात, म्हणून शीत ताठ होते. फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने चालते. शिवाय रात्रभरात वरचा ओलावाही उडतो. या दोन गोष्टींपैकी आपल्या कामाची जास्त आहे ती दुसरी. वेळलेला गरम भात मोठ्या परातीत पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवला, तरी पृष्ठभाग कोरडा होतो आणि त्या भाताचा फ्राइड राइस रात्रीच्या भातापेक्षा फारसा कमी उतरत नाही. उलट डब्यात गरमच भरून झाकण लावलेला शिळा भात आतल्या आत घामेजतो आणि दुसऱ्या दिवशी ढेकूळ होऊन निघतो. म्हणजे वयापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. इथेही खलनायक झाकणच.

एका बाबतीत मात्र भातावर दया करू नये. १९७१पासून ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांत फ्राइड राइस खाल्लेल्यांना काही तासांत उलट्या होण्याचे प्रकार नोंदले जाऊ लागले. शोध घेतल्यावर बॅसिलस सेरियस हा जिवाणू सापडला. त्याचे बीजाणू तांदळात मुळातच असतात आणि शिजवतानाच्या उकळीलाही दाद देत नाहीत. तिथल्या आचाऱ्यांची रीत अशी, की भात मोठ्या प्रमाणात उकडायचा आणि रात्रभर स्वयंपाकघरातच ठेवायचा, कारण फ्रीजमध्ये त्याचे गोळे होतात. त्या उबेत जिवाणू वाढले, त्यांनी विष सोडले, आणि हे विष असे चिवट की १२१ अंशांवर दीड तास तापवले तरी टिकते. दुसऱ्या दिवशी भट्टीवर कितीही परतले तरी उपयोग शून्य. वास येत नाही, चव बदलत नाही. आपल्या हवेत, त्यातून वैशाखात, रात्री नऊला केलेला भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवणे म्हणजे त्या जिवाणूला आमंत्रण. भात पसरून निवला की तासाभरात उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये जावा आणि दुसऱ्या दिवशी संपावा. केलेला फ्राइड राइस उरला तरी हाच नियम, आणि तो एकदाच गरम करावा. यात ‘आम्ही लहानपणापासून खातो, काही झाले नाही’ हा युक्तिवाद चालत नाही.

भांड्याविषयी फार लिहीत नाही. लोखंडी कढई असेल तर उत्तम; वापरून वापरून काळीभोर झालेली असेल तर आणखी उत्तम. बिडाची कढई तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की भात पडला तरी थंडावत नाही, आणि कमी आचेच्या घरात हा मोठाच गुण. नॉनस्टिक भांडे कोरडे कडकडीत तापवू नये. २६० अंशांच्या आसपास त्याचा लेप खराब व्हायला लागतो, आणि रिकामे भांडे मोठ्या आचेवर तिथे बघता बघता पोचते. पसरट लोखंडी तवा, हो, डोशाचा, इंडक्शनवर किंवा छोट्या शेगडीवर कढईपेक्षा सरस ठरतो, कारण भाताला टेकायला जागा जास्त मिळते. तेल शेंगदाण्याचे रिफाइंड घ्यावे. घाण्याचे तेल लवकर धुरावते. ते चटणीवर घ्यायला ठेवावे. आपले तिळाचे तेल चिनी तिळाच्या तेलाऐवजी वापरता येत नाही. ते लोक तीळ खरपूस भाजून तेल काढतात आणि शेवटी सुवासापुरते चार थेंब घालतात. आपले कच्च्या तिळाचे, त्याला तो वास नाही.

भाज्यांचे एकच सूत्र: दाण्याएवढ्या चिराव्या आणि कोरड्या असाव्या. फरसबी, गाजर, कांद्याची पात हे भरवशाचे गडी. कोबी घ्यायचा तर थोडा, आणि त्याला मीठ लागण्याआधी परतून बाजूला काढलेला. मीठ लागले की तो पाणी सोडणारच. सिमला मिरची मोठमोठी चिरून घालण्याची रीत लग्नाच्या बुफेतून आली आहे, तिथेच राहू द्यावी. भाज्या वेगळ्या परतायच्या, अंडे वेगळे, भात वेगळा, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळे एकत्र. यात एक ताटली जास्त घासावी लागते. कृतींमध्ये जिथे जिथे ‘बाजूला काढा’ असे लिहिले आहे तिथे ते वाक्य गाळून पुढे जाण्याचा मोह होईल. त्या जागी मी संपादकांना सांगून ठळक टाइप वापरायला लावला आहे.

आता बाटल्यांकडे. आपल्याकडे मिळणारा गडद सोया सॉस रंगासाठी असतो. तो चमचाभर पुरे, आणि तो भातावर ओतायचा नाही. कढईच्या कडेने, तापलेल्या लोखंडावर सोडायचा. तिथे तो फसफसतो, त्यातले पाणी उडते, जराशी साखर जळते आणि तो वास भाताला लागतो. गाडीवरच्या धुरकट वासाच्या जवळ घरी जाता येते ते इतकेच. मूळ वास येतो तो उडालेल्या तेलाचे बारीक थेंब कढईच्या काठावर पेट घेतात त्यातून, आणि ते घरच्या ओट्यावर, वर प्लायवुडचे कपाट असताना, होऊ नये हेच बरे.

अजिनोमोटोविषयी लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहितो. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळे काढले, आणि पुढच्या वर्षी ते या नावाने बाजारात आले. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये तेच ग्लुटामेट असते. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते, असे त्यांनी लिहिले होते आणि संभाव्य कारणांत याचेही नाव होते. तेवढ्यावर हे पांढरे दाणे जगभर बदनाम झाले. पुढे खाणाऱ्याला नकळत देऊन केलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यावर असा त्रास सातत्याने दिसला नाही. मी चार माणसांच्या भाताला पाव चमचा घालतो. ज्यांना नको त्यांनी मशरूम तांबूस होईपर्यंत परतून घालावे, बरीचशी तीच चव येते.

राहता राहिला शेजवान. चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या नावाने आपण जो लाल सॉस खातो तो भारतातला: सुकी लाल मिरची, ढीगभर लसूण, आले, व्हिनेगर, तेल. सिचुआनी स्वयंपाकाची ओळख असलेली, जिभेला मुंग्या आणणारी मिरी त्यात नसतेच. गंमत अशी, की त्या मिरीचे सख्खे चुलत भावंड आपल्या कोकणात आणि गोव्यात आहे. तिरफळ. दोन्ही झाडे एकाच झँथोझायलम कुळीतली, दोन्हींची साल चघळली की ओठ झिणझिणतात. बांगड्याच्या तिखल्यात आपण जी चार तिरफळे ठेचून टाकतो त्यांची बी काढून, साल हलकी भाजून, भरडून शेजवान चटणीत घातली तर ती चटणी सिचुआनच्या काही मैल जवळ जाते. वास थोडा लिंबाच्या सालीकडे झुकतो. ही कृती पुस्तकाच्या शेवटी दिली आहे, आणि खरे सांगायचे तर तीच माझी सगळ्यात लाडकी आहे. ज्यांच्या घरी तिरफळाची बरणी असते त्यांना ती चटणी फोडणीच्या भातावरही आवडेल.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. ट्रिपल शेजवान या पुस्तकात नाही. भात, नूडल्स, वर ग्रेव्ही आणि त्यावर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स हे घरच्या एका बर्नरचे काम नव्हे; ते गाडीवर जाऊन, उभ्याने, कागदी टिश्यूला घाम पुसत खाण्यात मजा आहे. अननसाच्या पोकळ कवचात भरलेला भात नाही. ब्राऊन राइसची कृती एक आहे, कारण आग्रह फार झाला.

सुरुवात कुठल्या कृतीपासून करावी, असे विचाराल तर पहिल्याच. तिच्यात दोन वाट्या भात, दोन अंडी, दोन पाकळ्या लसूण, एक कांद्याची पात, मीठ आणि पांढरी मिरी एवढेच आहे, सॉस अजिबात नाही. अंडे न खाणाऱ्यांसाठी त्याच पानावर मशरूम आणि फरसबीची जोड दिली आहे. ही एक साधली की पुढच्या सगळ्या तिच्याच सोयरीकीतल्या आहेत, कुठूनही उघडा. आणि घाणे काढायची वेळ आली तर पहिला घाणा ज्याला जास्त भूक लागली आहे त्याला वाढावा, करणाऱ्याने स्वतःसाठी शेवटचा ठेवावा. तोवर कढई चांगली सणसणीत तापलेली असते.